कोरडा टक, ओला टक

आमच्या बाबांना कुणी नावाने हाक मारत नसे. ते कानवाले. गाडी उठत नाही म्हटलं की लोक एकमेकांना सांगत, कानवाल्यांकडे ने, आणि ऐकणाऱ्याला पत्ता विचारावा लागत नसे. चढाच्या रस्त्याला जिथे डांबर संपून खडी लागायची तिथे आमची पत्र्याची शेड होती. शेडच्या मागे दोन खोल्या, आणि त्या दोन खोल्यांत बाबा, आत्या आणि मी. आई मला आठवत नाही. तिची उणीव भासू नये म्हणून आत्या दोन माणसांइतकं बोलायची.

त्या शेडचा वास मला अजून येतो. रॉकेल, जुनं ग्रीस, आणि जळालेल्या तांब्याच्या तारेवरच्या वार्निशचा गोडसर, घशात बसणारा वास. आता सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही, पण त्या वासाने मला भूक लागायची. शाळेतून आले की मी आधी शेडमध्येच शिरायचे आणि आत्या ताटली तिथेच आणून द्यायची. वर म्हणायची, "हात पुसून खा, नाहीतर उद्या पोटात सेल्फ फिरेल."

सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर. डोंगरात खाणी होत्या, वरच्या अंगाला फळबागा होत्या, आणि तिथे जायचं तर चारी चाकांना जोर असलेल्या जीपच चालत. सगळ्या जुन्या, हातोहात फिरलेल्या. चिखल, धूळ, पाणी सगळं खालून आत जायचं आणि पहिला बळी सेल्फचा पडायचा. त्यामुळे आमच्या शेडपुढे गाडी नाही असा दिवस नसे.

किल्ली फिरवली की बॅटरीतून करंट येतो, सेल्फच्या डोक्यावरचं सोलेनॉईड आत ओढलं जातं, दात असलेलं एक छोटं चाक पुढे सरकून इंजिनाच्या मोठ्या चाकात अडकतं आणि इंजिन फिरू लागतं. यातलं काय बिघडलंय ते आवाज सांगतो. आवाजच नाही, तर स्विच किंवा त्याची तार. टकटकटकटक असं दात वाजल्यासारखं झालं, तर बॅटरी बसलीय. मोटर मोकळीच घुंई करून फिरली, तर दातांचं चाक पुढे जात नाहीये. एवढं कुठल्याही ड्रायव्हरला कळायचं. बाबांचं नाव झालं ते एकट्या टकमुळे. किल्ली फिरवल्यावर एकच टक, आणि मग सामसूम. बाकीच्या मिस्त्रींना तो एकच आवाज वाटे. बाबांना त्यात दोन ऐकू येत.

कोरडा टक, म्हणजे सोलेनॉईड ओढलं गेलंय पण त्याच्या आतले तांब्याचे जोड जळालेत, मोटरपर्यंत करंट पोचतच नाही. सेल्फ उतरवून उघडायला हवा. ओला टक, म्हणजे टकच्या पाठीला चिकटून एक बारीकसं कण्हणं. करंट पोचतोय, पण उपाशी. बॅटरीच्या टोकांना गंज चढलाय, नाहीतर इंजिनापासून चासीला जाणारी अर्थिंगची पट्टी खराब झालीय. पहिल्यात अर्धा दिवस मोडतो. दुसऱ्याला एक सुरी आणि दहा मिनिटं पुरतात.

बाबा गाडीला आधी हात लावत नसत. बॉनेटपासून चार पावलं लांब उभे राहत, डोळे मिटत, दोन्ही हात पाठीमागे बांधत आणि ड्रायव्हरला म्हणत, "मार." तो किल्ली मारायचा. बाबा क्षणभर तसेच उभे राहून निकाल देत. किल्ली दुसऱ्यांदा मारायला सांगणं त्यांना कमीपणाचं वाटे. शेडमध्ये टेस्टरचा दिवा होता. दोन तारा दोन टोकांना लावल्या की करंट कुठपर्यंत आलाय ते कुणालाही दिसलं असतं. पण तो दिवा आंधळ्यांसाठी, असं ते म्हणत. निकाल आणि पाना यांच्यामध्ये तपासणी नाही, हा आमच्या शेडचा कायदा होता, आणि लोक तो बघायला शेडसमोरच्या बाकावर बसून राहत. घरी नेऊन सांगायला मजा यायची त्यांना.

मी चौदा वर्षांची असताना बाबांचे कान जायला लागले. तीस वर्षं पत्र्याच्या छताखाली घण मारल्यावर दुसरं काय होणार? आधी बारीक आवाज गेले. सायकलची घंटी, आत्याच्या बांगड्या, दुधाचं उतू जाणं. मग टकमागचं ते कण्हणं गेलं. हे त्यांच्याआधी मला कळलं, कारण मला दोन्ही टक ऐकू यायचे. ते कधी शिकले ते आठवत नाही. ताटली मांडीवर घेऊन ऐकता ऐकता कधीतरी आले.

एकदा एक बागवाला जीप घेऊन आला. बाबा म्हणाले कोरडा. मी पान्यांचा ट्रे घेऊन मागे उभी होते. मी म्हणाले, "ओला आहे, बाबा." बाकावर तीन माणसं होती. बाबांनी वळून माझ्या कानशिलात दिली. ट्रे पडला, पाने खडीत विखुरले, आणि मी ते गोळा करत असताना बाबा बाकाकडे बघून म्हणाले की पोरगी बहिरी आहे, हिला घंटा ऐकू येत नाही आणि ही मला शिकवतेय. माणसं हसली. बाबांनी सेल्फ उतरवला, उघडला, आतलं तांबं नवं कोरं बघितलं, बंद केला, बसवला, आणि बागवाला चहाला गेल्यावर अर्थिंगची पट्टी खरवडली. बागवाल्याला सांगितलं, जोड घासून दिलेत.

दुसऱ्या दिवशी पुढची गाडी आली. बाबा उभे राहिले, डोळे मिटले, हात पाठीमागे बांधले. मी ट्रे घेऊन मागे होते. ड्रायव्हरने किल्ली मारली, आणि बाबांच्या उजव्या हाताचा पंजा उघडला. माझ्या समोर, माझ्या पोटाच्या उंचीवर. काळ्या रेघा असलेला, मधोमध भाजल्याचा डाग असलेला तो पंजा तसाच उघडा राहिला. मी काय करावं ते मला कुणी सांगितलं नाही. मी बोटाचं टोक त्यावर टेकवलं. "कोरडा," बाबा म्हणाले, आणि तो कोरडाच होता.

असं आमचं ठरलं. बोटाचं टोक म्हणजे कोरडा. वळलेल्या बोटाचं पेर म्हणजे ओला. भरभर चार बोटं म्हणजे बॅटरी. तळव्यावर एक गोल म्हणजे मोटर मोकळी फिरतेय. आणि हात लागलाच नाही, तर आवाजच नाही. आठ वर्षं हे चाललं. पुढेपुढे बाबांना काहीच ऐकू येईनासं झालं तेव्हाही चाललं. गिऱ्हाईक पुढून बघायचं, त्याला बाबांचे मिटलेले डोळे दिसायचे. आठ वर्षांत आमच्यात याबद्दल एक शब्द झाला नाही. उलट लोकांसमोर ते मला जास्तच बोलत. पाना द्यायला क्षणाचा उशीर झाला की, बहिरी कुठली, कान फुटलेत का तुझे. बाकावरचे हसत. मीही हसायचे. खरं सांगते, त्या दिवसांत मला अभिमान वाटायचा. सगळा डोंगर ज्या कानांवर चालला होता ते माझे होते, आणि ते फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. आत्यालासुद्धा नाही.

आत्याचं लक्ष माझ्या वयाकडे होतं. मी बाविशीत आले आणि तिने बॅटरीवाल्याचं नाव काढलं. खालच्या पेठेत त्याचं दुकान होतं, आणि दर आठवड्याला तो हातगाडीवरून आमच्याकडे बॅटऱ्या आणायचा. उंच, कमी बोलणारा. ॲसिडने त्याच्या सगळ्या शर्टांना खालच्या बाजूला बारीक भोकं पडलेली असत. बॅटऱ्या उतरवल्या की तो समोर गिऱ्हाइकांत न बसता शेडच्या मागच्या भिंतीलगतच्या दुसऱ्या बाकावर एकटाच बसायचा, पाणी प्यायचा आणि कामं बघत राहायचा. आत्या म्हणायची, माणूस चांगला आहे, शर्टाला भोकं आहेत पण बोलण्याला नाहीत. एकदा त्याने मला दुकानाच्या मागची खोली कशी आहे ते सांगितलं. खिडकी नदीच्या बाजूला उघडते, म्हणाला. एवढंच. पण आपली खोली कशी आहे हे कुणी उगाच सांगत नाही. मला तिथे जायचं होतं. इतकं जायचं होतं की सकाळी पाने पुसताना मी त्या खिडकीला पडदा लावून बघायचे.

त्याचे काका रीतसर विचारायला आले. बाबा दारातच उभे होते, हात पुसत. काकांचा आवाज मोठा होता, आणि बाबा तोवर समोरच्याच्या ओठांवरून बरंचसं ओळखू लागले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुमच्यापासून काय लपवायचं, पोरीला फिट येतात. लहानपणापासून. तोंडाला फेस येतो, कपडे खराब करते. घरात झाकून ठेवलंय म्हणून चाललंय.

मी सहा पावलांवर होते. माझे कान चांगले होते ना, त्यामुळे एकही शब्द सुटला नाही.

काका गेल्यावर आत्याने घर डोक्यावर घेतलं. दादा, तू बाप आहेस की कसाई, पोरीच्या कपाळावर काय लिहून पाठवलंस. बाबांना ते कितपत कळलं कोण जाणे, पण तिच्या हातवाऱ्यांवरून विषय कळला असणार. बहिरी माणसं बोलतात तसं ते मोठ्याने म्हणाले, "मग काय करू? माझे कान कापून देऊ त्याला?"

आत्याला वाटलं दादाचं डोकं फिरलं. मला बरोबर कळलं. आठ वर्षांत ते पहिल्यांदा बोलले होते.

बॅटरीवाला यायचा थांबला नाही. बॅटऱ्या आणायचा, त्याच्या त्या मागच्या बाकावर बसायचा, पाणी प्यायचा. पण माझ्याशी बोलला नाही, आणि मी समजले की संपलं.

महिन्याभराने खाणीचा साहेब आला. त्याच्याकडे सहा जीप होत्या आणि सगळ्या तो एकाच मिस्त्रीकडे कायमच्या लावणार होता. खालच्या पेठेत एक नवा मिस्त्री आला होता, तो मीटर लावून बघायचा. साहेबाला दोघांतला एक निवडायचा होता. म्हणून तो सगळ्यांत खोडकर गाडी घेऊन स्वतः आला, सोबत खाणीचा म्हातारा ड्रायव्हर आणि मागच्या जीपमध्ये आणखी चार-पाच माणसं. तीन दिवस ती गाडी उतारावर ढकलून चालू करत होते. तशीच चालू करून आणली आणि आमच्या शेडपुढे बंद केली. मागच्या बाकावर बॅटरीवाला होता. दोन बॅटऱ्या उतरवून पावतीवर सही घ्यायला थांबला होता.

बाबांनी सकाळीच दाढी केली होती. उभे राहिले, डोळे मिटले, हात मागे बांधले. "मार."

म्हाताऱ्याने किल्ली फिरवली. टक, आणि मागोमाग एक हुं, झोपेत कूस बदलताना माणूस कण्हतो तसं. इतका ओला टक मी त्याआधी ऐकला नव्हता.

पंजा उघडला. मी बोटाचं टोक टेकवलं.

मी हे आधी ठरवलं नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. सकाळी पाने पुसतानाच मी ठरवलं होतं. त्या दिवशी खिडकीला पडदा लावला नव्हता.

"कोरडा," बाबा म्हणाले. "सेल्फ उतरवतो."

साहेबाने मान डोलावली. बाबा गोणपाट पसरून गाडीखाली गेले. अठ्ठावन्न वर्षांचं अंग. वरच्या बोल्टला गंज चढला होता आणि सायलेन्सरचा पाईप अजून गरम होता. त्यांचा कोपर दोनदा भाजला, ते मला चर्रकन ऐकू आलं. मी एकेक पाना अचूक दिला. मागायच्या आधी दिला. शेवटचा बोल्ट सुटला तेव्हा सेल्फचं सगळं वजन त्यांच्या छातीवर आलं आणि ते थोडा वेळ तसेच पडून राहिले.

फळीवर ठेवून त्यांनी सोलेनॉईड उघडलं. आत तांबं असं चमकत होतं की त्यात तोंड बघावं.

म्हातारा ड्रायव्हर त्यांच्या खांद्यामागून डोकावत होता. म्हणाला, हे जोड तर तुम्हीच नवे घातलेत, कानवाले, पावसाच्या आधी. बाबांना ऐकू गेलं नाही. ते त्या तांब्याकडे बघत राहिले. म्हाताऱ्याने थोडा वेळ उत्तराची वाट बघितली आणि मग साहेबाकडे बघितलं.

आता सगळं सोपं होतं. बाबांना वाटलं असणार की पोरीची चूक झाली. आठ वर्षांत एक. होते कुणाचीही. त्यांनी वर बघितलं, माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे, आणि सोलेनॉईड बंद करायला घेतलं. साहेबाला म्हणाले की जोड थोडे घासलेत, आता बघू. सेल्फ पुन्हा चढवला. दीड तास गेला होता. बाकावरच्यांच्या गप्पा थांबल्या होत्या.

बाबा पुन्हा त्याच जागी उभे राहिले. डोळे मिटले. हात मागे. एका गाडीला त्यांनी दुसऱ्यांदा "मार" म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

टक. हुं.

पंजा उघडला. मी ट्रे दोन्ही हातांनी धरला.

ते उभे राहिले. पंजा किंचित हलला, जसं अंधारात माणूस खुंटी चाचपतो. मी ट्रेकडे बघत होते. अकराचा पाना उलटा ठेवलेला होता. तो मी सुलटा केला नाही.

"आवाज नाही," बाबा म्हणाले. "स्विचची तार गेलीय."

म्हाताऱ्याने पुन्हा किल्ली फिरवली. टक. मग त्याला गंमत वाटू लागली. टक. टक. टक. गाडीभोवतीची माणसं एकमेकांकडे बघू लागली आणि बाबा मिटल्या डोळ्यांनी, ताठ मानेने, उघड्या पंजाने उभेच. म्हातारा खाली उतरला. पायांचा आवाज न करता त्यांच्या मागे येऊन उभा राहिला, माझ्या अगदी शेजारी, आणि तंबाखू मागावी अशा साध्या आवाजात म्हणाला, "कानवाले, शेड पेटली."

बाबा हलले नाहीत.

"कानवाले, तुमच्या धोतरात विंचू शिरला."

आधी साहेब हसला, मग सगळे. हसण्याचा धक्का हवेतून लागला असेल नाहीतर उशीर झाल्याचं कळलं असेल, बाबांनी डोळे उघडले. समोर सगळ्यांची उघडी तोंडं. कुणीतरी विनोद केला असावा असं त्यांना वाटलं. गिऱ्हाईक हसतंय तर आपण गप्प राहणं बरं दिसत नाही. म्हणून तेही हसले. मान मागे टाकून, चांगले मोकळेपणाने हसले. ते हसले तसे बाकीचे आणखी हसले, एक जण तर खाली बसला पोट धरून.

मग म्हाताऱ्याने खिशातून सुरी काढली, बॉनेटखाली वाकला, अर्थिंगची पट्टी सोडवून खरवडली आणि आवळली. किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात उठली. ते बाबांना धुरावरून कळलं. धूर तोंडावर आला तेव्हा त्यांचं हसू जागच्या जागी राहिलं, काढायचं विसरल्यासारखं.

सहाही जीप नव्या मिस्त्रीकडे गेल्या. त्या सहाच काय, आठवड्याभरात बाकसुद्धा रिकामा झाला.

बॅटरीवाला हसला नव्हता. सगळे हसत असताना तो उठला आणि पावतीवर सही न घेताच हातगाडी घेऊन उतारावरून निघून गेला. मला वाटलं, भला माणूस आहे, त्याला बघवलं नाही.

संध्याकाळी बाबा रॉकेलने हात धूत बसले. खूप वेळ धूत होते. मी जवळून गेले तेव्हा वर न बघता म्हणाले, "बोट लावलंस." माझ्या ओठांकडे ते बघतच नव्हते. मग म्हणाले, आणि आता आवाज किती मोठा आहे याची फिकीर नव्हती, की जा आता कुठे जायचं तिथे, मला तुझा काय उपयोग.

आत्या धावत बाहेर आली. काय केलंस गं बये, तिने विचारलं, आणि सगळं ऐकल्यावर पायरीवर बसली. मला वाटलं ती रागावेल. तिने बराच वेळ पदराशी चाळा केला आणि म्हणाली, पण जा म्हणाला ना? तोंडाने म्हणाला ना? मग मी जाते त्या काकांकडे, सांगते की फिटबिट काही नाही. आम्ही दोघींनी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. तिच्या तळाशी आईची दोन लुगडी निघाली. आत्याने ती माझ्या खांद्यावर टाकून बघितली आणि आम्ही हसलो. शेडमध्ये बाबा अंधारात बसले होते आणि आम्ही हसत होतो. त्यांना काय ऐकू येणार होतं.

सकाळी आत्या निघायच्या आत बॅटरीवालाच आला. हातगाडी नव्हती. बाबा शेडच्या पलीकडच्या तोंडाशी स्टूल टाकून उन्हात बसले होते. तो त्यांच्याकडे गेला नाही. सरळ माझ्याकडे आला आणि दोन हात अंतर राखून उभा राहिला.

"फिटचं मला पटलं नव्हतं," तो म्हणाला. "इतकी वर्षं येतोय, तुमच्या हातातला ट्रे कधी हललेला बघितला नाही. काकांना समजवायला महिना गेला. रविवारी आम्ही येणार होतो. तुमच्या बाबांनी नाही म्हटलं असतं तरी येणार होतो."

मी म्हणाले, मग या की. त्यांनी जा म्हटलंय.

त्याने शर्टाच्या भोकात बोट घातलं, काढलं. "मी ज्या बाकावर बसतो तिथून तो हात दिसतो. पहिल्यापासून दिसतो. मी कुणाला बोललो नाही. मला तो हात आवडायचा. म्हणजे, तुमचा."

मी मागच्या भिंतीकडे, त्या बाकाकडे बघितलं.

"काल पहिल्यांदा चुकीचं बोट लावलंत ते मी समजू शकतो. मीही लावलं असतं. पण दुसऱ्यांदा त्यांनी हात उघडला, आणि तुम्ही ट्रे दोन्ही हातांनी धरलात. सगळे हसत होते तेव्हा मी तुमच्याकडे बघत होतो."

मी म्हणाले, त्यांनी माझ्याबद्दल काय सांगितलं ते तुम्हाला माहीत आहे. फेस, कपडे, सगळं.

"माहीत आहे." तो खाली खडीकडे बघत होता. "पण मीही म्हातारा होणारच आहे."

मग म्हणाला, मला वाटलं निरोप पाठवण्यापेक्षा स्वतः सांगावं. नको. राग धरू नका. आणि उतारावरून गेला. चालताना त्याने मागे बघितलं नाही, आणि मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले ते तो वळणाआड जाईपर्यंत.

मग बाबा म्हणाले, "काय म्हणाला?"

ते स्टुलावरून आमच्याकडेच बघत होते. मी त्यांच्याजवळ गेले, समोर उभी राहिले आणि साध्या आवाजात म्हणाले, "नको म्हणाला."

बाबांनी हात कानामागे धरला. आठ वर्षांत, चारचौघांत तर सोडाच, घरातसुद्धा त्यांनी असं केलेलं मी बघितलं नव्हतं. "काय?"

"नको म्हणाला."

समोरच्या घरात शिंपीणबाईंचं मशीन चालू होतं, ते थांबलं. बाबांनी मान हलवली. "मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. रस्त्यावर दोन बागवाले चालले होते, त्यांच्याकडे बघून पुन्हा म्हणाले, "बहिरा झालोय मी, काल सगळ्यांनी बघितलंच. मोठ्याने बोल, पोरी."

आत्या दारात येऊन उभी राहिली होती, बाहेर जायचं लुगडं नेसलेली. बागवाले थांबले. शिंपीणबाईंनी खिडकीचं दुसरं दार उघडलं. बाबा हात कानामागे धरून माझ्याकडे बघत होते, थेट माझ्या तोंडाकडे, आणि ते पहिल्यापासून तिथेच बघत होते. त्यांना पहिल्याच वेळी कळलं होतं का, ते मी आज पंचावन्न वर्षांनीही सांगू शकत नाही. पुष्कळदा वाटतं कळलं होतं. कधी वाटतं नसेल कळलं.

मी ओरडले. "नको म्हणाला मला, बाबा. मी नको म्हणाला."

पत्र्यावर आवाज आदळून परत आला. बाबांनी हात खाली घेतला.

"असं होय," ते म्हणाले, अगदी हळू, कान शाबूत असलेला माणूस बोलतो तसं, आणि उठून स्टूल सावलीत सरकवलं.